सज्ज्याची सळी वर की खाली, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):
मी पश्चिम महाराष्ट्रातील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागाची सहाय्यक प्राध्यापिका आहे. नोकरीला अकरा वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी मी अर्धवेळ पीएच.डी.ला नोंदणी केली. विषय स्टील फायबर (पोलादाचे बारीक तंतू) मिसळलेल्या काँक्रीटच्या बीमचा असून निम्मे प्रयोग झाले आहेत. दरम्यान तिसऱ्या वर्षाच्या आर.सी.सी. डिझाइनच्या वर्गात मला असे दिसले की, मुले कॅन्टिलिव्हरचे (सज्ज्यासारख्या एकाच टोकाला आधार असलेल्या भागाचे) गणित बरोबर सोडवतात, पण सज्ज्याची मुख्य सळी वर हवी असताना खालच्या बाजूला काढतात. गेली दोन वर्षे मी शिकवण्याची पद्धत बदलून पाहते आहे आणि मुलांच्या उत्तरांच्या नोंदी ठेवते आहे. मार्गदर्शक म्हणतात की, हे शिक्षणशास्त्राचे काम आहे, अभियांत्रिकीचे संशोधन नव्हे. व्यवस्थापनाला दरवर्षी दोन शोधनिबंध हवे आहेत. एका सहकाऱ्याने असेही सुचवले की, ठरावीक रक्कम भरली तर स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतील नियतकालिकात येणाऱ्या तयार निबंधावर नाव घालून मिळते. मी पीएच.डी.चा विषय बदलून हे वर्गातील काम घ्यावे का? त्या निबंधाचे काय करावे? आणि या नोंदींना खरोखर काही किंमत आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे थोडक्यात देतो आणि तिसऱ्यापाशी अधिक थांबतो, कारण तुमच्या पत्रातील मोलाचा भाग तोच आहे. नाव विकत घेऊ नका. पीएच.डी.चा विषय बदलू नका. जे अर्धे झाले आहे ते पूर्ण करा. आणि वर्गातील नोंदी कपाटात पडू देऊ नका, कारण ते संशोधन आहे, फक्त अजून त्याची पुरती मांडणी झालेली नाही.

आधी पैशाचा विषय. काही चांगली मुक्त-प्रवेश नियतकालिके निबंध स्वीकारल्यावर प्रकाशनशुल्क घेतात. ते शुल्क आणि लेखकाच्या यादीतील जागेची किंमत या दोन गोष्टी कोणी तुमच्यासमोर एक करून मांडत असेल, तर तिथेच सावध व्हा. पहिल्या प्रकारात काम तुमचे असते, त्याचे परीक्षण होते आणि पैसे छपाईचे असतात. दुसऱ्या प्रकारात काम कोणाचे आहे हे तुम्हाला ठाऊकही नसते. असे निबंध घाऊक प्रमाणावर तयार करणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्या उघड्या पडतात तेव्हा शेकड्यांनी नव्हे, हजारांनी निबंध मागे घेतले जातात. हिंदावी या प्रकाशनगृहाचे ८,००० हून अधिक निबंध एकट्या २०२३ या वर्षात मागे घेतले गेले. मागे घेतलेला निबंध पुसला जात नाही. तो शिक्क्यासह तिथेच राहतो आणि नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला पुढची अनेक वर्षे सापडत राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे ‘यादीत होते म्हणून छापले’ ही ढालही आता उरलेली नाही. नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थेवर आणि आपल्यावर आली आहे.

नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या हिशेबातही हा सौदा तोट्याचा आहे. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९ च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागते, किमान ८ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातील किमान २ वर्षे पीएच.डी.नंतरची असावी लागतात, आणि मान्यताप्राप्त नियतकालिकांतील किमान ६ शोधनिबंध लागतात. तुमच्याकडे अकरा वर्षांचा अनुभव आहे. अडले आहे ते पीएच.डी.वर. म्हणजे आज विकत घेतलेल्या निबंधाने तुमची बढती एक दिवसही अलीकडे येणार नाही. त्या निबंधाने फक्त या वर्षीचा व्यवस्थापनाचा तक्ता भरेल.

इथे स्वतःची एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी एका सहकाऱ्याने मैत्रीखातर आपल्या निबंधावर माझे नाव घातले आणि मी ते घालू दिले. पैशांचा प्रश्न नव्हता, त्यामुळे त्यात काही गैर आहे असेही तेव्हा वाटले नाही. पुढे दुसऱ्या एका संस्थेत मुलाखतीसाठी गेलो असता समोरच्या तज्ज्ञांनी नेमका तोच निबंध उघडला आणि तिसऱ्या आकृतीवर बोट ठेवून विचारले की, भार वाढत असताना हा वक्र इथे अचानक सपाट का झाला आहे. मला सांगता आले नाही. मी तो प्रयोग पाहिलाही नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही, दुसरा प्रश्नही विचारला नाही; कागद मिटून बाजूला ठेवला. ती जागा मला मिळाली नाही याचे दुःख केव्हाच सरले, पण कागद मिटण्याचा तो क्षण आजही डोळ्यांसमोरून जात नाही. ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता पीएच.डी.विषयी. तीन वर्षे गेली म्हणून तुम्ही घाबरला आहात, असे पत्राच्या सुरावरून जाणवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.साठी प्रवेशापासून जास्तीत जास्त ६ वर्षे आहेत, फेरनोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यावरही २ वर्षांची सवलत देण्याची तरतूद आहे. याच नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरील सक्ती काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने ती अट स्वतःहून ठेवली असेल तर ती पाळावी लागेल, म्हणून विद्यापीठाचा अध्यादेश एकदा स्वतः वाचा. कार्यालयातील तोंडी माहितीवर विसंबू नका. विषय बदलायचा म्हटला तर नवा आराखडा, संशोधन मान्यता समिती, कदाचित नवा मार्गदर्शक, आणि आजवर भरलेल्या बीमची मोजमापे वाया, असे सगळे ओढवून घ्यावे लागेल. काँक्रीटचे क्यूब आणि बीम भरणे, २८ दिवस पाण्यात ठेवणे, मग त्यांच्यावर भार देणाऱ्या लोडिंग फ्रेमची पाळी मिळेपर्यंत वाट पाहणे यात अर्धवेळ संशोधकाचा किती काळ जातो हे मी जाणतो. तो काळ तुम्ही खर्च केलेला आहे, तो फेकून देऊ नका. उरलेले बीम कोणत्या महिन्यात भरायचे याचे वेळापत्रक कॉलेजच्या वेळापत्रकाशी मिळवून घ्या, आणि उन्हाळी सुट्टीचा पहिला हक्क परीक्षेच्या कामाला न देता प्रयोगशाळेला द्या.

आता सज्ज्याकडे येऊ.

तुमच्या पत्रातील तीन-चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. मुलगा टोकावरच्या भाराचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा परिणाम, अचूक काढतो. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातील लांबी आणि खोलीचे गुणोत्तर विचारले तर कॅन्टिलिव्हरला ७, साध्या आधाराच्या बीमला २० आणि सलग बीमला २६ हे आकडे झोपेतून उठवले तरी सांगतो. सळीचे क्षेत्रफळही बरोबर येते. मग छेद, म्हणजे सज्जा कापल्यावर दिसणारे चित्र, काढायला सांगितल्यावर ती सळी सज्ज्याच्या तळाशी काढतो, कारण आयुष्यभर पाहिलेल्या प्रत्येक स्लॅबमध्ये सेंट्रिंगवर सळ्या खालीच अंथरलेल्या त्याने पाहिल्या आहेत. सज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो आणि दाब खाली, ही गोष्ट त्याच्या गणितात आहे, पण नजरेत नाही. तुम्ही मात्र स्पंजची लांब पट्टी घेतली, तिच्या बाजूवर शाईने उभ्या रेघा मारल्या, एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरले आणि दुसरे टोक खाली दाबण्याआधी प्रत्येकाला कागदावर लिहायला लावले की, रेघांची वरची टोके एकमेकांच्या जवळ येतील की लांब जातील. आधी भाकीत, मग प्रयोग, मग पुन्हा छेद. शिकवण्याचा हा क्रम तुम्ही कुठे वाचून केला की स्वतःला सुचला, हे पत्रात नाही. पण तो क्रम अगदी योग्य आहे.

आणि हा प्रश्न वर्गापुरता नाही. सज्ज्याची सळी वर बांधलेली असली, तरी काँक्रीट ओतताना कामगार तिच्यावरून चालतात, खाली आधाराचे तुकडे पुरेसे नसतील तर ती दबून खाली जाते, आणि सेंट्रिंग काढताच सज्जा मुळाशी तडकतो. साइटवर उभा असलेला तरुण अभियंता त्या क्षणी ‘थांबा, सळी उचला’ असे म्हणेल की नाही, हे तुमच्या वर्गात ठरते. अशा प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेणे अभियांत्रिकीचे काम नसेल, तर मग ते कोणाचे?

तुमचे मार्गदर्शक म्हणतात त्यात तथ्याचा एक अंश जरूर आहे: तुमच्या नोंदणीच्या विषयात हे काम बसत नाही, आणि प्रबंधात ते घुसडू नये. पण ‘हे संशोधनच नव्हे’ हे म्हणणे बरोबर नाही. अमेरिकेत अभियांत्रिकी शिक्षणाचा विचार करणारी संस्था १८९३ मध्ये स्थापन झाली, आणि २००४ पासून परड्यू विद्यापीठात अभियांत्रिकी शिक्षण हा स्वतंत्र विभाग आहे, जिथे याच विषयात पीएच.डी. करता येते. आपल्याकडे आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय पीएच.डी. कार्यक्रम आहे. तेथील अदिती कोठियाल, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी प्रथम वर्षाच्या संगणक प्रोग्रामिंगच्या भल्यामोठ्या वर्गात एक साधी पद्धत वापरली: आधी स्वतः विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग वर्गासमोर मांडा. या काळात मुले खरोखर कामात गुंतलेली असतात का, हे त्यांनी निरीक्षणाने मोजले आणि ८३ टक्के हा आकडा २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. तुमच्या जवळचेच उदाहरण हवे असेल तर सांगली जिल्ह्यातील राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडून अभियांत्रिकी शिक्षणातील बदलांना वाहिलेले संशोधन नियतकालिक प्रसिद्ध होते. तुम्ही ज्या भागातून लिहिता आहात त्याच भागात हे काम चालले आहे.

मात्र किंमत आहे म्हणजे आहे तसे छापता येईल, असे नाही. तुमच्या नोंदींत मला जी मोठी उणीव दिसते ती स्पष्ट लिहितो. तुम्ही जुन्या पद्धतीने शिकलेल्या तुकडीची तुलना पुढच्या वर्षीच्या, नव्या पद्धतीने शिकलेल्या तुकडीशी केली आहे. दोन वर्षांच्या तुकड्या सारख्या नसतात. सीईटीचा कट-ऑफ बदलतो आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची संख्या बदलते. या डिप्लोमावाल्या मुलांचा मुद्दा तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, कारण त्यांतील कित्येकांनी साइटवर सज्जा भरताना पाहिलेला असतो आणि त्यांची सळी मुळातच बरोबर जागी पडण्याची शक्यता आहे. त्यांचे प्रमाण दुसऱ्या वर्षी वाढले असेल, तर झालेली सुधारणा स्पंजची की साइटची, हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणून शिकवण्याआधीची उत्तरे हवीत, त्याच मुलांची शिकवल्यानंतरची हवीत, आणि शक्य झाले तर सेमिस्टर संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा घेतलेली हवीत. डिप्लोमा आणि बारावी असे दोन गट वेगळे मांडा. कदाचित तुमचा सर्वांत रोचक निष्कर्ष त्या फरकातच असेल.

अशी आधी-नंतरची तुलना भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कशी केली ते अवश्य पाहा. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल या संकल्पनेवर एक चाचणी तयार केली. तिच्यात आकडेमोड नाही; चुकीचे पर्याय हे विद्यार्थ्यांच्या मनात खरोखर असलेल्या समजुतींवरून घेतलेले आहेत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे शिकण्याआधीचे आणि नंतरचे गुण तपासले. जितकी सुधारणा शक्य होती तिच्यापैकी नुसत्या व्याख्यानांनी सरासरी २३ टक्के साधली, आणि मुलांना बोलते-करते ठेवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. स्थितिशास्त्रासाठी (स्टॅटिक्ससाठी) तशीच चाचणी कार्नेगी मेलनच्या पॉल स्टाइफ यांनी बांधली आहे, ती तुमच्या विषयाला आणखी जवळची. या कामांतून तुम्हाला मापनाची शिस्त शिकायची आहे. स्कॉट फ्रीमन यांच्या गटाने २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्याख्यानांच्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि सक्रिय वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. म्हणजे ‘मुलांना कामाला लावले की ती जास्त शिकतात’ एवढेच तुम्ही सिद्ध केलेत, तर परीक्षक म्हणतील की हे ठाऊक आहे. तुमच्याजवळ जे नवे आहे ते यापेक्षा बारीक आहे: बरोबर आलेले गणित आणि चुकलेला छेद एकाच डोक्यात शेजारी-शेजारी कसे नांदतात, आणि ते कशाने जुळतात.

त्यासाठी नुसती बरोबर-चूक मोजणी पुरणार नाही. सात-आठ विद्यार्थ्यांना एकेकटे बसवा, कोरा सज्जा काढून द्या आणि सळी काढताना मनात काय चालले आहे ते मोठ्याने बोलायला सांगा. त्यांची परवानगी घेऊन ते ध्वनिमुद्रित करा आणि शब्दशः उतरवून काढा. मराठीत बोलू द्या. मुलगा इंग्रजीत ‘टेन्शन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे कळत नाही. तोच ‘इथं ओढलं जातंय’ म्हणतो तेव्हा कळते. ही मराठी वर्गातली सामग्री परदेशातील कोणत्याही संशोधकापाशी नाही. मुलाखतीला येणे न येणे ऐच्छिक आहे, अंतर्गत गुणांशी त्याचा काही संबंध नाही, हे लेखी द्या आणि संस्थेची नीतिसमिती असेल तर तिची मान्यता काम सुरू करण्यापूर्वी घ्या. नंतर घेतलेली चालत नाही.

साधने तुटपुंजी आहेत, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. एम. एम. शर्मा १९६४ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. करून मुंबईच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात) परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. वायू आणि द्रव यांच्यातील स्पर्शाचे क्षेत्रफळ किती हा रासायनिक उद्योगातील कळीचा प्रश्न होता. ज्याचा वेग आधीच माहीत आहे अशी रासायनिक अभिक्रिया घडवून ते क्षेत्रफळ मोजायच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या. महागड्या उपकरणाऐवजी रसायनशास्त्रालाच त्यांनी मोजपट्टी बनवले. त्यांच्या हाताखाली सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांनी पीएच.डी. केली आणि १९९० मध्ये ते ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.  तुमची स्पंजची पट्टी पाहून मला त्यांची आठवण झाली, ती तुमची आणि त्यांची बरोबरी करायची म्हणून नव्हे. आपल्या हाताशी जे आहे त्याने ज्याचे उत्तर मिळेल असा प्रश्न निवडणे हे मोठ्या संशोधकाचे लक्षण असते, आणि तुम्ही तसा प्रश्न निवडलेला आहे.

शिवाय दोन कामे तुम्हाला वाटतात तितकी परकी नाहीत. स्टील फायबर काय करते? ताणाच्या बाजूला तडा उघडू लागला की तो दोन्हीकडून धरून ठेवते. तुमच्या लोडिंग फ्रेममधला बीम आणि वर्गातला स्पंज एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत. बीमच्या चाचणीचे व्हिडिओ काढा. तडा कुठून सुरू झाला ते मुलांना आधी ओळखायला लावा. एकाच मेहनतीचा उपयोग दोन्हीकडे होईल.

व्यवस्थापनाशी बोलताना नकार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. प्राचार्यांना एका पानावर लिहून द्या की, या वर्षी फायबर काँक्रीटचा एक निबंध परीक्षणासाठी जाईल आणि पुढच्या वर्षी वर्गातील कामाचा एक. हे काम महाविद्यालयाच्या मूल्यांकनातही दाखवता येईल हेही त्यात लिहा. भारत २०१४ पासून अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ विद्यार्थी खरोखर काय शिकला याचा पुरावा मागते; तुमच्या उत्तरपत्रिका हा तसाच पुरावा आहे. दोनाचा आकडा या वर्षी एकावर येईल, त्याबद्दल कोणी नाराज होईल. ती नाराजी सोसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवे सत्र सुरू होईल तेव्हा पहिल्याच तासाला, काहीही शिकवण्याआधी, प्रत्येकाच्या हाती सज्ज्याचा कोरा छेद द्या आणि मुख्य सळी काढायला सांगा. कागदावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, तारीख, आणि बारावी की डिप्लोमा एवढेच लिहून घ्या. गुण देऊ नका, बरोबर उत्तरही त्या दिवशी सांगू नका. कागद गोळा करून पाकिटात घाला, पाकीट बंद करून त्यावर सही करा, आणि सेमिस्टर संपेपर्यंत ते उघडू नका.